अर्थ

तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ, पत्र्याच्या शेडात
मष्णूची व्हॅन कालपासून उभी.
दोन हजार चारची. रंग पांढरा, असं कागदावर आहे.
मागच्या बाजूला रताळ्यांची माती,
एक फुटकी करंडी,
सरकत्या दाराला सुतळी.

"जांबोटीपर्यंत काय नाही की रे," तो म्हणतो,
"फुडं चढ लागला की मरतंय.
धा मिंटं थांबलं की आपोआप चालू.
आमच्या थोरल्या मामागत, मधीच बोलायचं बंद."

आधी तिघांनी बघितलीय.
एकानं प्लग बदलले, एकानं पेट्रोलचा पंप.
खानापूरच्या एकानं ईसीएमच बदला म्हणून सांगितलं,
सांगितलं आणि चहा पिऊन गेला.
काढलेले चार सेन्सर मष्णूनं डब्यात जपून ठेवलेत,
उपटलेल्या दातांसारखे.

मी काहीच उघडत नाही.
शिवलिंगप्पा मेस्त्री म्हणायचे, मोदल अळी, आमेल बिच्चु.
आधी मोज, मग सोड.
त्यांचं मराठी तीस शब्दांचं, माझं कन्नड त्याहून थोडकं;
उरलेलं ते मीटरवर दाखवायचे.

तर मोजतो.
बॅटरी बारा पूर्णांक सहा.
थ्रॉटलच्या सेन्सरला पाच व्होल्ट पोचतात,
पॅडल हळू दाबलं की आकडा हळू चढतो,
कुठं उडी नाही, कुठं खड्डा नाही,
खानापूर रोडपेक्षा बरा.
पाण्याचा सेन्सर गार असताना अडीच हजार ओहम,
तापल्यावर तीनशे. बरोबर.
क्रँकच्या सेन्सरवर दस्तगीरच्या बहिणीचा हेअर ड्रायर
दहा मिनिटं धरला.
तापला. मेला नाही.
स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून
इंजेक्टर ऐकले एकेक.
टिकटिकतात.

सगळे खरं बोलतात
आणि गाडी चढावर मरते.

दुपारी लाइट गेली. दस्तगीर जेवायला गेला.
अंधाऱ्या शेडात नुसता बसलो असताना दिसली
मीटरची काळी पिन,
सकाळपासून बॅटरीच्या टोकाला चिमटून बसलेली.
सगळे आकडे तिच्या भरवशावर.
तिला कुणी विचारलंच नव्हतं.

लाल पिन थेट इंजिनाच्या अंगाला लावली.
शून्य यायला पाहिजे.
शून्यच येतं.
मग मष्णूला म्हटलं, हँडब्रेक ओढ,
दुसरा गिअर टाक, क्लच अर्धा सोड.
इंजिन एका अंगावर कललं,
घाटात कलत असेल तसं,
आणि शून्याचे पावणेतीन झाले.
गाडी मेली.

खाली सरकलो.
गिअरबॉक्सपासून चॅसीला जाणारी विणलेली पट्टी,
हिरवी पडलेली,
दोन तारा धरून.
सरळ रस्त्याला दोन पुरतात.

"काय झालंय?"
"अर्थ तुटलाय," मी गाडीखालून ओरडलो.
आम्ही असंच म्हणतो, अर्थिंग म्हणायला वेळ कुणाला.
शिवलिंगप्पा असते तर म्हणाले असते, नेल बिट्टैति.
जमीन सुटलीय.
दोन्हीला पाना बारा नंबरचाच.

ऐंशी रुपयांची पट्टी. गंज घासला, ग्रीस लावलं.
मष्णू डबा उघडून उभा.
"मग ह्ये चार?"
"ते चांगले होते."
त्यानं एक सेन्सर उचलला, शर्टाला पुसला,
परत ठेवला.
बराच वेळ झाकण नीट बसेना.

जाताना म्हटलं, घाट चढलास की मिस्ड कॉल दे.
कणकुंबीच्या पुढं रेंज नसते,
हे दोघांनाही ठाऊक.

पहाटे साडेचारला
कुठल्यातरी गोव्याच्या नंबरवरून एक रिंग.
दुसरी वाजायच्या आत बंद.